एक उधाण येतं आणि मिठागराचा अख्खा महिना पुसून जातं, ते कसं?

पावसाळा तोंडावर आला की मुंबई महापालिका एक यादी काढते. जून ते सप्टेंबरमध्ये कोणत्या दिवशी, किती वाजता साडेचार मीटरपेक्षा उंच भरती येणार, त्याची ही यादी. ती दरवर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते, लोकलने जाणारे ती सेव्ह करून ठेवतात आणि त्या निमित्ताने २६ जुलै २००५ ची आठवण निघतेच. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातच ४.४८ मीटरची भरती आली.

मिठागरवाल्याला मात्र या यादीचा फारसा उपयोग नाही. त्याचा हंगाम पावसाच्या आधीच संपलेला असतो. त्याची धाकधूक असते ती डिसेंबर ते मे या काळातल्या अमावस्या-पौर्णिमांची. आकाश निरभ्र असतं, पावसाचा थेंब नसतो, बातम्यांमध्येही काही नसतं. पण एखाद्या रात्री खाडीचं पाणी हातभर जास्त चढतं, बांधावरून आत येतं आणि सकाळी मिठाच्या जागी गढूळ पाणी दिसतं.

आता प्रश्न असा की, मीठ तर समुद्राच्याच पाण्याचं बनतं. मग समुद्राचंच पाणी आत आलं तर बिघडलं कुठे?

दहा बादल्यांची एक बादली

एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं आपण खातो ते मीठ २७ ग्रॅमच्या आसपास, बाकीचे मॅग्नेशियम, कॅल्शियम वगैरेंचे क्षार. या पाण्यातून मिठाचा खडा सुटायला हवा असेल, तर त्यातलं जवळपास नव्वद टक्के पाणी उन्हाने उडवावं लागतं. म्हणजे समुद्राच्या दहा बादल्या आटवायच्या, तेव्हा कुठे मीठ धरायला तयार अशी एक बादली हातात येते.

हे काम एका खड्ड्यात होत नाही. मिठागर म्हणजे एकाला एक जोडलेली उथळ कुंडं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, पहिल्या मोठ्या साठवणीत घेतात. तिथे गाळ बसतो. मग पाणी पुढच्या कुंडांमध्ये सरकवत नेतात आणि दर टप्प्याला ते जास्त खारट होत जातं. हा खारटपणा बोमे अंशांत मोजतात. समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंशांवर असतं. पंचविसाच्या आसपास गेलं की मिठाचे खडे धरू लागतात. एकोणतीस-तीसच्या पुढे जे पाणी उरतं ते कडू, मॅग्नेशियमचं. ते सोडून द्यावं लागतं, नाहीतर मीठही कडवट होतं. जुने कामगार यंत्र लावत नाहीत. पाण्याला गुलाबी झाक आली, तवंगासारखी पांढरी साय दिसली की त्यांना कळतं. (ती गुलाबी झाक खाऱ्या पाण्यातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची असते.)

म्हणजे शेवटच्या कुंडात जे पाणी उभं असतं ते नुसतं पाणी नसतं. त्यात काही आठवड्यांचं ऊन साठलेलं असतं. उधाण ते ऊन घेऊन जातं.

साधा हिशेब मांडू. एक गुंठ्याच्या कुंडात दहा सेंटिमीटर तयार पाणी आहे. बांधावरून आलेलं दहा सेंटिमीटर समुद्राचं पाणी त्यात मिसळलं, तर खडे धरण्यासाठी पुन्हा नऊ सेंटिमीटर पाणी उडवावं लागेल. कोकणच्या उन्हात दिवसाला पाच-सहा मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तर हे झाले पंधरा ते अठरा दिवस. शिवाय पाणी जितकं खारट, तितकं ते हळू उडतं, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. आणि ही झाली बरी बाजू. बांध फुटला असेल तर ओहोटीला पाणी बाहेर जाताना तयार पाणीही सोबत घेऊन जातं. मग पुन्हा दहा बादल्यांपासून सुरुवात.

पावसाचं पाणी यापेक्षा परवडलं, असं म्हणायची वेळ येते. अवकाळी सर पडली तर गोडं पाणी हलकं असल्यामुळे काही वेळ जड खाऱ्या पाण्यावर तरंगतं आणि चटकन हालचाल केली तर वरचा थर काढून टाकता येतो. समुद्राचं पाणीही तयार पाण्यापेक्षा हलकंच असतं, पण ते वरून अलगद पडत नाही. जोराने घुसतं, तळ ढवळतं आणि सगळं एक करून टाकतं.

तळ गेला की वर्ष गेलं

पाण्याचं नुकसान लगेच दिसतं. चिखलाचं नुकसान जास्त दिवस टिकतं.

मिठागराचा तळ म्हणजे चिकणमातीची जमीन. दसरा-दिवाळीनंतर, पाऊस पूर्ण थांबला की कामगार कुंडातला पावसाळी गाळ उपसतात, तळ सारखा करतात, पायांनी तुडवून आणि चोपून घट्ट करतात. तळ असा बसला की पाणी खाली मुरत नाही आणि मीठ ओढताना माती वर येत नाही. पांढऱ्या मिठाचं अर्धं गणित या तळात असतं. उधाणाचं पाणी खाडीतला बारीक गाळ घेऊन येतं आणि या तळावर त्याचा थर सोडून जातं. त्यावर लगेच मीठ धरलं तर ते करडं निघतं. त्याला भाव नसतो. रंगकाम, कातडी, बर्फाचे कारखाने असल्या ठिकाणी स्वस्तात जातं, किंवा जातच नाही. तळ नव्याने करायचा तर कुंड रिकामं करा, वाळवा, खरवडा, पुन्हा तुडवा. मार्चमध्ये हे करायची वेळ आली तर हंगाम हातचा गेला असंच धरतात, कारण मेच्या अखेरीस वळवाचे ढग दिसायला लागतात.

कुंडाशेजारी बांधावर रचलेल्या मिठाच्या राशी तर थेट विरघळतात. त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं काही नाही. मीठ पाण्यात जातं, इतकंच.

तिथीला पाऊणने गुणा

हे सगळं कधी होणार याचा अंदाज कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बांधला जातो आणि त्यासाठी अ‍ॅप लागत नाही. तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा वाजता. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा गुणिले पाऊण, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती येते, म्हणून हीच वेळ सकाळची आणि रात्रीची. थोडं इकडे-तिकडे होतं, पण कामाला पुरतं.

अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस सूर्य-चंद्राची ओढ एका रेषेत येते आणि भरती सगळ्यात उंच चढते. हे उधाण. अष्टमीच्या आसपास ती सगळ्यात नरम, तो भांग. मिठागराचं वेळापत्रक या दोघांवर चालतं. उधाणाला उघाडीतून पाणी आत घ्यायचं, भांगाला बांध दुरुस्त करायचे. उधाण शत्रू नाही, ते नसेल तर कुंडात पाणीच येणार नाही. फक्त ते दारातून यावं लागतं.

यात एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दिवसाची भरती मोठी असते. डिसेंबर-जानेवारीत उलट होतं, रात्रीची मोठी. म्हणजे नेमक्या हंगामाच्या सुरुवातीला, नवे बांध अजून ओले असताना, मोठं पाणी येतं ते मध्यरात्रीच्या सुमारास. त्या रात्री कुणीतरी बॅटरी घेऊन बांधावर फिरायला हवं.

कारण बांध मोठ्या लाटेने फुटतो त्यापेक्षा जास्त वेळा तो छोट्या भोकाने फुटतो. खेकडे आणि उंदीर बांधात बिळं करतात. उन्हाने मातीला भेगा पडतात. उधाणाचा दाब आला की त्या बिळातून पाण्याची धार लागते, धार माती नेते आणि तासाभरात खांड पडते. खांडीतून भरतीला पाणी आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं, दिवसातून दोनदा. दर फेरीला ती रुंद होते. दुरुस्तीसाठी हातात असतात ओहोटीचे काही तास, आणि एकूण जेमतेम आठवडा, कारण त्यानंतर पुन्हा उधाणाकडे चढती लागते.

मग बांध उंच का करत नाहीत? करतात. पण हे बांध खाडीच्याच चिखलाचे, आणि ते उभे असतात मऊ चिखलावर. वजन वाढवलं की ते खचतात. दगडी अस्तर टिकतं, पण त्याचा खर्च मिठाच्या किमतीत बसत नाही.

चंद्र आणि वारा एकाच वेळी

आतापर्यंतचं सगळं पंचांगात बसणारं होतं. न बसणारी गोष्ट म्हणजे वादळ. वारा समुद्राचं पाणी किनाऱ्याकडे ढकलतो आणि त्याच वेळी उधाण असेल तर एकावर एक चढतं.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण गुजरातचं. देशातल्या मिठापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातमधून येतं आणि कच्छच्या आखातातलं कांडला हे त्याचं मोठं केंद्र. ९ जून १९९८ ला, वटपौर्णिमेच्या तोंडावर, पोरबंदरजवळ किनाऱ्याला लागलेल्या चक्रीवादळाने कांडल्याच्या खाडीत पाण्याची भिंत आणली. पाऊस यायचा होता, हंगाम संपत आला होता, पण मीठ उचलायचं बाकी असल्याने कामगार अजून मिठागरांवरच होते. त्यांच्या झोपड्या खाडीलगतच्या सपाट चिखलावर होत्या. तिथे चढून बसायला ना टेकडी असते, ना झाड. त्या वादळातले अधिकृत मृत्यूच एक हजाराच्या वर होते, आणि त्यात मिठागर कामगार मोठ्या संख्येने होते. हंगामी मजुरांची धड नोंद नसते. त्यामुळे बेपत्ता झालेल्यांचा हिशेब कधीच नीट लागला नाही. पुढे जून २०२३ मध्ये बिपरजॉय कच्छकडे वळलं, तेव्हा मिठागर कामगारांना आधीच हलवलं गेलं. त्यामागे १९९८ ची आठवण होती.

तमिळनाडूत वेदारण्यमला १६ नोव्हेंबर २०१८ च्या गाजा वादळात वेगळंच झालं. समुद्राने मिठागरांवर काळा चिखल आणून ओतला. पाणी ओसरलं, चिखल राहिला. तळाचं वर जे सांगितलं ते इथे शेकडो एकरांवर एकाच रात्री घडलं.

कोकण आणि गोव्यात इतकं मोठं काही घडलेलं नाही, पण तारखा बघण्यासारख्या आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार हे महाचक्रीवादळ अरबी समुद्रात होतं, किनाऱ्यावर आलंच नाही. पण ते ऐन लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला होतं, आणि सिंधुदुर्ग-गोव्यात समुद्राचं पाणी किनाऱ्यालगतच्या वस्त्यांपर्यंत आलं. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, वटपौर्णिमेच्या दोन दिवस आधी. मे २०२१ मध्ये तौक्ते गोवा आणि कोकणाला घासून वर गेलं, तेव्हा मिठाच्या हंगामाचे शेवटचे, म्हणजे सगळ्यात जास्त मीठ पडण्याचे दिवस होते.

हे योगायोग वाढत जाणार, असं आकडे सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या त्याआधीच्या दोन दशकांपेक्षा ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती किंचित कमी झाली. दुसरीकडे उत्तर हिंद महासागराची पातळी १९९३ ते २०१७ दरम्यान वर्षाला सरासरी ३.३ मिलिमीटरने चढत गेली. ३.३ मिलिमीटर ऐकायला काहीच नाही. पंचवीस वर्षांत ते आठ सेंटिमीटर होतं. मुंबईच्या पाच मीटरच्या भरती-ओहोटीत आठ सेंटिमीटर कुणाला जाणवणार? ज्याचा बांध उधाणाच्या रेषेपेक्षा फक्त वीतभर उंच आहे, त्याला. आधी वर्षातून एकदा बांधाच्या माथ्याला लागणारं पाणी आता अनेकदा लागतं.

शेजाऱ्याने सोडलं की आपलंही जातं

पालघर-वसईपासून उरण-पेणपर्यंत, खाली वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्यापर्यंत आणि गोव्यात पेडण्याच्या आगरवाड्यापासून नेरूलपर्यंत मिठागरांची मोठी ओळ होती. आगरी हे नावच आगरावरून आलं असं मानलं जातं. शिरोड्याच्या आणि वडाळ्याच्या मिठागरांवर १९३० मध्ये सत्याग्रह झाले. आज या ओळीत जागोजागी दात पडलेत. त्याची सगळी जबाबदारी भरतीवर टाकता येणार नाही. उरणच्या बाजूला बंदर आलं, नवी मुंबई आली. गुजरातचं स्वस्त मीठ आलं. आयोडीनच्या नियमांनंतर साध्या खड्याच्या मिठाचं गिऱ्हाईक कमी झालं. पोरं या कामात उतरेनात, हेही खरं.

पण भरती हे सोडून देणं पक्कं करते. खाडीचा बाहेरचा बांध एकट्याचा नसतो. दहा मिठागरांसमोर एकच लांब बांध असतो आणि प्रत्येकाने आपापला तुकडा राखायचा असतो. त्यातल्या तिघांनी काम बंद केलं की त्यांच्या तुकड्याकडे कुणी बघत नाही. तिथे खांड पडते. पाणी मागून फिरून उरलेल्या सातांच्या कुंडात येतं. त्यांचा समोरचा बांध शाबूत असतो, तरीही. मग चौथा सोडतो. गोव्यात खाजणांच्या बाबतीत हेच वर्षानुवर्षं बोललं जातंय. तिथे उघाडीला मानस म्हणतात आणि तिथल्या मासेमारीचा लिलाव होतो. जास्त मासे मिळावेत म्हणून मानस हवी त्यापेक्षा जास्त उघडी ठेवल्याच्या तक्रारी जुन्याच आहेत. बार्जच्या लाटा आणि नदीतला रेती उपसा यांनी बांध खचतात, ही दुसरी तक्रार.

सोडलेल्या मिठागरात रोज भरती फिरू लागली की दोन-चार वर्षांत खारफुटी उगवते. इथे गोष्ट जरा गुंतागुंतीची होते. खारफुटी चांगलीच. ती लाटांचा जोर मोडते, बांधासमोर असेल तर बांध वाचवते. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि नंतर २०१८ च्या निकालात तिच्या तोडीवर कडक बंदी घातली, ती गरजेचीच होती. पण बांधाच्या आत उगवलेल्या खारफुटीचा अर्थ असा की ते मिठागर आता पुन्हा मिठागर होऊ शकत नाही. एका न बुजवलेल्या खांडीने जमिनीचा कायमचा निकाल लावलेला असतो.

आणि जिथे खारफुटी नसते, तिथे 'पडीक' हा शब्द येतो. २०२४ मध्ये धारावी पुनर्विकासासाठी कांजूरमार्ग, भांडुप आणि मुलुंडमधली मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन देण्याचं ठरलं. त्यावरून पर्यावरणवाल्यांनी जो मुद्दा मांडला तो साधा आहे. ही सखल जमीन भरतीचं आणि पावसाचं पाणी पोटात घेते. तिथे भराव पडला की ते पाणी दुसरीकडे जाणार. मिठागरातलं पाणी कसं चढतं याची चुणूक वसईने जुलै २०१८ च्या पावसात बघितली. तिथल्या मिठागरावरच्या वस्तीतली कुटुंबं चारी बाजूंनी पाणी चढल्याने अडकून पडली होती.

पंचनामा कुणी करायचा?

भातशेतीत खारं पाणी शिरलं तर तलाठी येतो, पंचनामा होतो, मदत उशिरा का होईना मिळण्याची शक्यता असते. खारभूमीच्या बांधांसाठी महाराष्ट्रात १९७९ चा स्वतंत्र कायदा आहे. मिठागराची गोष्ट वेगळी. मीठ हे कायद्याच्या भाषेत पीक नाही, उत्पादन आहे. राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात ते केंद्राच्या यादीत, ५८ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे पंतप्रधान पीक विमा योजनेत ते बसत नाही. शेतकऱ्यासारखंच ऊन-पाऊस-मातीवर जगणारा माणूस कागदावर कारखानदार ठरतो. लोक 'मिठाची शेती' म्हणतात, सरकार म्हणत नाही.

त्याच्याखाली असतो मजूर. बांध फुटला की मालकाचं मीठ जातं, मजुराचा रोज जातो. कुंड पुन्हा आटेपर्यंत ओढायला मीठच नसतं.

करता येण्यासारख्या गोष्टी फार मोठ्या नाहीत. बाहेरचा बांध सामायिक धरून एकत्र दुरुस्त करणं, उघाड्यांची कुजलेली लाकडी दारं बदलणं, मिठाच्या राशी उंचवट्यावर रचून जाड प्लास्टिकने झाकणं, बांधासमोर खारफुटीचा पट्टा राखणं. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे आणि समुद्र खवळण्याचे इशारे देते. ते मच्छीमार सोसायट्यांपर्यंत पोहोचतात. मिठागरावरच्या झोपडीत राहणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचवण्याची सोय वेगळी करावी लागते, कारण तो कुठल्या सोसायटीत नसतो.

तोवर शिरोड्याला काय किंवा आगरवाड्याला काय, दिवाळीनंतर आधी पावसाळ्यातला गाळ निघतो, मग खेकड्यांची बिळं बुजवली जातात, मग तळ तुडवला जातो. उघाडीचं दार पहिल्या भरतीला उचलायच्या आधी भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये पौषातली पौर्णिमा कधी आहे ते बघून ठेवलेलं असतं.